कल्याण लोकलच्या डोक्यावरची वीज

जर्मनीत 'श्ट्रासेनबान मागाझिन' नावाचं मासिक निघतं. विषय एकच: ट्राम आणि शहरातली रुळांवरची वाहतूक. कोणत्या गावात नवे डबे आले, कुठला जुना फाटा बंद पडला, मोटारी कोणत्या बसवल्या, हे तिथले वाचक चवीनं वाचतात. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या माणसांनाही असं मासिक मिळायला हवं, असं मला फार वाटतं. लोकलबद्दल आपण रोज बोलतो, पण ते गर्दीबद्दल आणि उशिराबद्दल. गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ ज्या तारेला घासत जातो, त्या तारेत काय चाललेलं असतं, हा विषय निघतच नाही. आणि तिथे तर नवल भरून राहिलं आहे.

सुरुवात बर्लिनची. १८७९च्या प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्सनं तीनशे मीटरच्या गोल रुळावर एक चिमुकली गाडी विजेवर चालवून दाखवली. वीज होती १५० व्होल्ट. दोन वर्षांनी बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डमध्ये विजेची ट्राम धावू लागली. आपल्याकडे १८५३मध्ये ठाण्याला आणि १८५४मध्ये कल्याणला पोहोचलेली गाडी तेव्हा वाफेवरच होती. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी निघाली, १५०० व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर. मग विजेची तार ठाणे, कल्याण ओलांडून घाट चढून गेली. एवढी वीज आणायची कुठून? रेल्वेनं ठाकुर्लीला स्वतःचं वीजकेंद्र उभारलं, १९२९ साली. चोळा पॉवर हाऊस. डोंबिवली आणि कल्याणच्या मधोमध कोळसा जळत होता आणि त्यावर गाड्या धावत होत्या. आज त्या स्टेशनवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

डीसी का निवडली, तर त्या काळच्या डीसी मोटारी सुटताना जोर चांगला लावायच्या. पण १५०० व्होल्टला एक मोठी अडचण आहे. समजा, लोकलला सुटताना ३००० किलोवॅट लागतात. १५०० व्होल्टवर त्यासाठी तारेतून २००० अँपिअर वाहायला हवेत. २५,००० व्होल्टवर तेच काम १२० अँपिअरमध्ये होतं. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार तीच, अंतर तेच, आणि नासाडी पावणेतीनशे पटींच्या घरात! म्हणून डीसीला जाड तारा लागत, दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागे.

म्हणून ठरलं, ही सगळी व्यवस्था २५,००० व्होल्टच्या एसीवर, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या विजेवर न्यायची, आणि तीही लोकल चालू ठेवून. काम टप्प्याटप्प्यानं वर्षानुवर्षं चाललं. इन्सुलेटर बदलले. जुन्या पुलांखाली तार आणि पूल यांच्यातलं अंतर वाढवावं लागलं. काही ठिकाणी रूळच खाली घेतले. मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे रेक धावत होते. जून २०१५पर्यंत मेन लाईनवरची डीसी गेली, एप्रिल २०१६मध्ये हार्बरवरचीही.

मुंबईत २००७पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलमध्ये सीमेन्स कंपनीची यंत्रणा होती, त्याच वेर्नरच्या कंपनीची. या गाड्यांच्या ब्रेकमध्ये मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरत असतं आणि आतल्या रोटरला आपल्यामागे ओढतं. मोटरमननं ब्रेक लावला की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या क्षेत्राचं फिरणं रोटरपेक्षा हळू करते. आता रोटर पुढे आणि क्षेत्र मागे. त्या क्षणी मोटारीचं जनित्र होतं, सायकलच्या डायनॅमोसारखं, आणि वीज उलट वर तारेत जाते.

किती जाते, त्याचा हिशोब करून पाहू. माणसांसकट गाडी ७०० टनांची धरा, वेग ताशी ८० किलोमीटर. तिच्या धावण्यातली ऊर्जा सुमारे ४८ युनिट भरते. साध्या घराला कित्येक दिवस पुरेल एवढी वीज, एका थांब्याला! सगळी परत येत नाही, पण मोठा वाटा येतो. जुन्या गाड्यांत ती ब्रेकच्या घर्षणात, चाकांच्या उष्णतेत संपायची. आता डोंबिवलीत थांबणारी लोकल ठाकुर्लीहून सुटणाऱ्या लोकलला ढकलू शकते. त्या दोन गाड्यांमधले लोक एकमेकांना ओळखतही नाहीत.

हे कानांनाही कळतं. पेंटोग्राफ असलेल्या मोटर कोचमध्ये उभे राहा. गाडी सुटताना एक सूर चढत जातो, ब्रेक लागला की तोच उतरतो. वीज चिरून तिचे तुकडे करणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या झपाट्यामुळे मोटारीतून हा आवाज निघतो.

आणि कधीतरी धावत्या गाडीत काही दिवे विझतात, पंखे मंदावतात आणि दोन-चार क्षणांत पुन्हा सुरू होतात. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. तो बिघाड नसतो. वीज तीन फेजमध्ये येते आणि भार सारखा वाटला जावा म्हणून शेजारशेजारच्या पट्ट्यांना वेगवेगळी फेज दिलेली असते. दोन पट्ट्यांच्या तारा एकमेकींना भिडता कामा नयेत, म्हणून मध्ये वीज नसलेला छोटा तुकडा ठेवतात: न्यूट्रल सेक्शन. आधी ५०० आणि २५० मीटरवर पाट्या असतात. त्या पाहून मोटरमन वीज तोडतो, गाडी नुसत्या वेगावर तो तुकडा पार करते आणि पलीकडे गेल्यावर तो वीज पुन्हा घेतो.