विडी सोडणें व पुन्हां सोडणें

घरांतील कर्त्या माणसानें विडी, सिगारेट अथवा तंबाखू सोडल्याचें मोठ्या आनंदानें सांगितलें, आणि कांहीं महिन्यांनीं त्याच्याच खिशांत काडेपेटी सांपडली, अशीं घरें आपल्या वसई-विरार भागांत थोडीं नाहींत. अशा वेळीं घरचीं माणसें एक तर रागावतात, नाहीं तर "हा काय सोडणार!" असें म्हणून गप्प बसतात. दोहोंचा परिणाम एकच: पुन्हां सोडण्याची इच्छाच मरते. म्हणून विडी परत येते ती कां, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम शरीराची बाजू. धुरांतील निकोटीन नांवाचें द्रव्य दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें व क्षणभर समाधान देतें. दररोज अनेक वेळां असें झाल्यानें मेंदूस त्याची गरज भासूं लागते. तें बंद होतांच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश हीं लक्षणें उद्भवतात. पहिल्या आठवड्यांत त्यांचा जोर अधिक असतो. साधारणतः चार आठवड्यांत तो ओसरतो. कोणाच्याहि साहाय्यावांचून सोडणारे बहुतेक लोक पहिल्या आठ दिवसांतच पुन्हां ओढूं लागतात, आणि सहा महिने ते एक वर्ष टिकणारे शंभरांत तीन ते पांचच असतात, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. तेव्हां घसरणारा मनुष्य हा अपवाद मुळींच नव्हे.

परंतु शरीर म्हणजे सर्व कांहीं नव्हे. आपल्याकडे ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत चाळीस दिवस विडीस न शिवणारे गृहस्थ आहेत, तसे श्रावणमास पाळणारेहि आहेत. एवढ्या अवधींत शरीराची मुख्य तक्रार मिटलेली असते. तरी सण येतांच विडी परत येते. कारण ती आतां जागेंत, वेळेंत व सोबत्यांत राहते: स्टेशनबाहेरील टपरीवरचा चहा, लग्नाचा मांडव, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाळीं ओढून झाल्यावरची बैठक. व्रताच्या दिवसांत भोंवतालची मंडळीहि संयम पाळीत असतात, म्हणून तो काळ निभावतो. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

सोबतीची ही शक्ति मद्याच्या बाबतींत फार ठळकपणें दिसून आली. १९३५ सालीं अमेरिकेंतील अॅक्रन शहरीं बिल विल्सन नांवाचा, दारू सोडलेला गृहस्थ कामानिमित्त आला असतां, आपण पुन्हां पिऊं या भीतीनें तो दुसरा एखादा मद्यपी शोधूं लागला. त्याची गांठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याशीं पडली. स्मिथनें दारू सोडली. पण थोड्याच आठवड्यांत डॉक्टरांच्या एका परिषदेस गेला असतां तो पिऊन परतला. विल्सननें त्याचा हात सोडला नाहीं. स्मिथनें शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजीं, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघाचा स्थापनादिन मानला जातो. म्हणजे संघाचा जन्म पहिल्या निश्चयाच्या दिवशीं धरलेला नाहीं, घसरून उठल्याच्या दिवशीं धरलेला आहे!

आपल्या महाराष्ट्रांत १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें पुणें येथें 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र स्थापन केलें. तेथें व्यसनांतून बाहेर पडलेले लोकच नव्या रुग्णांस समजावून सांगतात, घरीं गेल्यावरहि भेटीगांठी चालू राहतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठीं 'सहचरी' हा निराळा गट आहे.

तंबाखूविषयींहि असाच अनुभव आहे. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथें १९७१ ते २००३ या काळांत बारा हजारांवर लोकांची जी माहिती गोळा झाली, तीवरून पति किंवा पत्नी यांपैकीं एकानें धूम्रपान सोडल्यास दुसऱ्याचें धूम्रपान चालू राहण्याचा संभव ६७ टक्क्यांनीं, मित्रानें सोडल्यास ३६ टक्क्यांनीं कमी होतो, असें आढळलें.

मग दुसऱ्या खेपेस काय करावें? रोज एकाच लोकलनें चर्चगेटकडे जाणारे चार-पांच स्नेही असतील, तर त्यांनींच मंडळ करावें. त्यांत पूर्वीं घसरलेला एक तरी असावा, कारण धोक्याची जागा त्यास ठाऊक असते. चुकून एक विडी ओढली गेली, तर त्याच दिवशीं सोबत्यास सांगावें. ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें दाखविलें आहे कीं, त्या एका विडीपेक्षां "आतां सर्व गेलेंच" हा विचारच माणसास अधिक खालीं नेतो. ती कोणत्या वेळीं, कोणाबरोबर ओढली, एवढेंच विचारावें व ती वेळ टाळण्याची योजना करावी. निकोटीनचा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतां येतो. मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींसहि हेंच लागू आहे; त्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, वडिलांचे खिसे तपासूं नका व टोमणे मारूं नका. संध्याकाळीं टपरीच्या वेळेस त्यांच्याबरोबर फिरावयास जा. पालकांनीं मुलांस विडी आणावयास धाडूं नये; अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्यानें बंदी आहे. सोबती जवळ नसेल त्यानें पाकीट उलटून पाहावें: १ सप्टेंबर २०१८ पासून त्यावर १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक छापण्यांत येऊं लागला आहे.