आकड्यांचा आवाज कसा होतो?

सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. कव्वालीतली टाळी असो वा सारंगीची मींड, सेकंदाला 44,100 वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून ती 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवलेली असते. हे आकडे वाचायला साधा प्लेअरही पुरेसा असतो. महागड्या प्लेअरचे खरे काम त्यानंतरचे, म्हणजे आकड्यांची पुन्हा लहर करण्याचे.

ते करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. जुना डॅक म्हणजे वाण्याचा तराजूच समजा. वजने सोळा: 1, 2, 4, 8 अशी दुप्पट होत शेवटचे 32,768. आकडा येईल तशी वजने टाकायची, तेवढा वीजप्रवाह बाहेर पडतो. आता सर्वांत मोठे वजन हजारात एका भागाने चुकले, तर चूक 32 ची झाली. लहान पाच वजने मिळूनही 31च भरतात! त्यात लहर शून्य ओलांडते तेव्हा मोठ्या वजनाची इतर पंधरांशी अदलाबदल होते. त्यामुळे खोट कळते ती हळुवार सुरांत.

1982 मध्ये सोनीने आपल्या सीडीपी-101 मध्ये 16 बिटांचा एकच डॅक डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने वापरला. फिलिप्सकडे 14 बिटांचाच डॅक होता. त्यांनी मधले आकडे हिशेबाने भरून वेग चौपट, म्हणजे 1,76,400 केला आणि बरीचशी चूक कानाला ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलली. कमी वजनांत जवळजवळ तेच माप! पुढे त्यांच्या टीडीए1541ए चिपांतले निवडक नग मुकुटाची खूण करून महागड्या प्लेअरांत जाऊ लागले.

1980च्या दशकाच्या अखेरीस बिटस्ट्रीम आले: वजन एकच, पण ते अतिशय वेगाने टाकायचे-उचलायचे. वजने जुळवण्याची कटकटच संपली, चिपही स्वस्त झाली. मग पैसा कुठे जातो? अचूक घड्याळात, शांत वीजपुरवठ्यात, शेवटच्या अ‍ॅनालॉग भागात आणि जाडजूड पेटीतही. माझ्या मते एका मर्यादेपुढे तोच पैसा चांगल्या स्पीकरवर खर्च केलेला बरा.

घरात बुजुर्गांचा जुना प्लेअर पडून असेल, तर भंगारात देण्याआधी त्याची मागची बाजू पाहा. तिथे डिजिटल आउटपुटचे सॉकेट असेल आणि लेसर शाबूत असेल, तर बाहेरून नवा डॅक जोडता येतो.