ध्रुवीय पदक आणि उत्तरेची माणसे

कॅनडाच्या उत्तरेकडील दुर्गम प्रदेशांत आणि ध्रुवीय भागांत असामान्य सेवा करणाऱ्यांना त्या देशाचे गव्हर्नर जनरल, म्हणजे राजसत्तेचे कॅनडातील प्रतिनिधी, जे ‘पोलर मेडल’ अर्थात ध्रुवीय पदक देतात, ते २०१५ पासून अस्तित्वात असले, तरी त्यामागील परंपरा बरीच जुनी आहे. ब्रिटनने आर्क्टिक मोहिमांतील नाविकांसाठी १८५७ मध्ये जे अष्टकोनी पदक काढले, त्याचाच आकार आणि पांढरी फीत कॅनडाच्या पदकाने स्वीकारली. मात्र त्याच्या मागील बाजूवर कोरलेले ‘सेंट रॉक’ हे जहाज कॅनडाच्या पोलीस दलाचे असून, अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना जोडणारा बर्फाळ वायव्य सागरी मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रथम त्यानेच १९४० ते १९४२ या काळात पार केला.

जुन्या पदकाने गौरविलेले बहुतेक पुरुष बाहेरून येऊन परत जाणारे होते. तेथेच राहणाऱ्यांच्या कार्याची दखल घेण्याचे महत्त्वाचे पाऊल गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनी २००५ मध्ये ‘नॉर्दर्न मेडल’ सुरू करून टाकले, आणि पुढे हेच पदक ध्रुवीय पदकात सामावले गेले. पहिले नॉर्दर्न मेडल शीला वॉट-क्लुतिए या इन्युइट, म्हणजे आर्क्टिकमधील मूळनिवासी समाजातील, कार्यकर्तीला मिळाले, ही निवड अत्यंत योग्य होती. दक्षिणेकडील शेतांत आणि कारखान्यांत वापरली जाणारी, सहजासहजी न विघटणारी विषारी रसायने वारे व सागरी प्रवाह यांच्याबरोबर उत्तरेत पोहोचतात, सील आणि देवमाशांच्या चरबीत साठतात व त्या आहारातून इन्युइट मातांच्या दुधात उतरतात, हे जगापुढे मांडून अशा रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या वाटाघाटींत त्यांनी आपल्या समाजाची बाजू लढवली होती.

येथील सेवेचे मोल कळण्यासाठी भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. नुनावुत हा प्रांत-समान प्रदेश महाराष्ट्राच्या साडेसहा पटींहून मोठा असून २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे ३७ हजारांहून कमी लोक राहत होते. त्यांची २५ गावे एकमेकांशी वा उर्वरित देशाशी रस्त्याने जोडलेली नाहीत, जड सामान बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यातील जहाजांनीच येते आणि बाळंतपणासाठीही अनेक स्त्रियांना विमानाने दूरच्या रुग्णालयात जावे लागते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे टिकून राहणारी परिचारिका, मुलांना मातृभाषेत शिकवणारा शिक्षक किंवा बर्फाचे स्वरूप वाचणारा वृद्ध शिकारी यांच्यावर सारे गाव विसंबून असते.

राष्ट्राने केलेला हा गौरव स्वीकारताना उत्तरेला आणखीही काही आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे: १९५३ आणि १९५५ मध्ये क्वेबेकच्या उत्तर भागातील इन्युइट कुटुंबांना सरकारने शेकडो कोस दूर, ग्रीझ फियर्ड व रेझोल्यूट येथे नेऊन ठेवले, आणि त्याबद्दलची अधिकृत माफी २०१० मध्ये मागितली गेली. म्हणूनच गौरव कोणाचा व्हावा, हे सांगण्याचा अधिकार स्थानिकांच्या हाती असणे महत्त्वाचे ठरते. ध्रुवीय पदकासाठी सर्वसामान्य नागरिकही नाव सुचवू शकतात, तर नुनावुतने स्थापन केलेला स्वतःचा ‘ऑर्डर ऑफ नुनावुत’ हा सर्वोच्च सन्मान वर्षाला जास्तीत जास्त तीन व्यक्तींनाच दिला जातो.