थैली, मानपत्र आणि अर्पणपत्रिका

२३ जुलै १९१६ रोजी पुण्यातल्या गायकवाडवाड्यात दोन गोष्टी एकाच दिवशी येऊन पोचल्या. एक होती थैली. लोकमान्य टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून लोकांनी वर्गणी काढून एक लाख रुपये जमवले होते. दुसरी होती सरकारची नोटीस. बेळगाव आणि अहमदनगरच्या व्याख्यानांत सरकारला राजद्रोह दिसला होता. म्हणून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्या, असा तिचा मजकूर. एकाच माणसाच्या कामाची किंमत लोकांनीही रुपयांत सांगितली आणि सरकारनेही.

टिळकांनी थैली घेतली ती राष्ट्रकार्याला देऊन टाकण्यासाठीच. नोटिशीविरुद्ध हायकोर्टात बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले आणि ९ नोव्हेंबरला तो हुकूम रद्द झाला.

सार्वजनिक कामाबद्दल आभार कसे मानायचे, याचे रिवाज महाराष्ट्रात तोवर पक्के झाले होते. सरकार शाल देई, लोक मानपत्र, थैली किंवा पदवी देत. जोतीराव फुल्यांच्या वाट्याला दोन्ही आलं. १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारने शिक्षणकार्याबद्दल त्यांचा सत्कार केला आणि ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्याच्या सभेत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं. या दोन सत्कारांमध्ये छत्तीस वर्षं गेली, आणि पाहण्यासारखी आहेत ती हीच मधली वर्षं. ज्या सरकारने शाल दिली, त्याच सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे १८८२ साली फुल्यांनी सांगितलं की सारा भरतो रयत आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींची मुलं. राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉटच्या स्वागतसमारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. शाल घेतली म्हणून जीभ गहाण टाकली, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही.

सरकारचे आभार मानायला नकार देणं हेही राजकारण होऊ शकतं, हे मुंबईने ११ डिसेंबर १९१८ रोजी पाहिलं. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांची मुदत संपत होती. मुंबईकरांच्या वतीने त्यांच्या कारकिर्दीची वाखाणणी करून स्मारक उभारायचा ठराव टाउन हॉलच्या जाहीर सभेत व्हायचा होता. 'मुंबईकरांच्या वतीने' या शब्दांनाच स्वराज्य मागणाऱ्या होमरूलवाल्यांचा आक्षेप होता. जिनांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सकाळपासून सभागृहातल्या खुर्च्या अडवल्या. ठराव मांडायची वेळ आली तेव्हा इतका गोंधळ झाला की पोलिसांनी सभागृह रिकामं केलं आणि त्या धक्काबुक्कीत जिनांनाही मार बसला. स्मारक बारगळलं. मग लोकांनी एकेक रुपयाची वर्गणी काढून, स्मारक अडवणाऱ्याच्याच नावाने सभागृह बांधलं. गिरगावजवळच्या काँग्रेस हाऊसच्या आवारात 'पीपल्स जिना हॉल' उभा राहिला. पुढे देशाची फाळणी झाली, जिनांचं नाव इथे उच्चारणंही अवघड झालं, आणि सभागृह 'पी. जे. हॉल' या आद्याक्षरांपुरतं उरलं. लोकांची कृतज्ञता खरी असते, कायमची असतेच असं नाही. आणि ती कायमची असावी असा आग्रह तरी का धरावा?

या सगळ्या काळात एक माणूस ऋणाचा विचार इतरांपेक्षा वेगळ्या काटेकोरपणे करत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्यांची यादी मोठी आहे आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्यातलं सर्वांत मोठं नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला, महाराजांनी कॉलेजच्या शिक्षणाला मदत दिली आणि १९१३ साली तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडलं. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

करार पाळायला आंबेडकर १९१७ साली बडोद्याला गेले. राहायला जागा कुणी देईना. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून ते उतरले, पण जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. जागेसाठी त्यांनी केलेली सगळी धावपळ व्यर्थ गेली. अखेर त्यांनी बडोदा सोडलं. हा अनुभव त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला, आणि तो वाचताना आजही अंगावर काटा येतो.

अशा माणसाने बडोद्याचं नावही काढलं नसतं तरी कुणी दोष दिला नसता. पण १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये छापून आला, तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला. शिक्षणाच्या कामी केलेल्या मदतीबद्दल, असं कारणही स्पष्ट दिलं. मदत माणसाने केली होती, अपमान शहराने केला होता. त्यांनी हे दोन हिशेब वेगळे ठेवले. एकाची भरपाई दुसऱ्यातून केली नाही, की एकासाठी दुसरा माफही केला नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या बाबतीतही हाच नेमकेपणा दिसतो. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचं 'मूकनायक' हे वृत्तपत्र निघालं ते महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. मार्चमध्ये हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तिथे महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. परिषदेच्या ठरावांत महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा, असाही एक ठराव झाला. पण ज्याचा वाढदिवस सण करायचा, तोच राजा इथे आपल्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, अजून लंडनचा अभ्यासही पुरा न झालेल्या माणसाला पुढारीपण देऊन बाजूला होत होता. आभार मानण्याच्या आणि मानून घेण्याच्या इतक्या उमद्या सभा नंतरच्या शंभर वर्षांत फार झाल्या असतील असं वाटत नाही. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज गेले.

आंबेडकरांच्या पुस्तकांच्या अर्पणपत्रिका एकापाठोपाठ एक वाचल्या तर त्यातून एक चरित्रच उभं राहतं. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३चा ग्रंथ आई-वडिलांना. पाकिस्तानवरचा रामूला, म्हणजे रमाबाईंना. शूद्र पूर्वी कोण होते याचा शोध घेणारा १९४६चा ग्रंथ महात्मा फुल्यांना. अस्पृश्यांवरचा १९४८चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. त्यातही एक गंमत आहे. चोखोबांना पुस्तक अर्पण करणाऱ्याचं राजकारण मात्र चोखोबांप्रमाणे पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी थांबायला तयार नव्हतं.

ऋण नावानिशी मान्य करण्याच्या या रीतीचा कळस २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत झाला. त्याआधी वर्षभर टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहात सांगितलं होतं की मसुदा समितीच्या सात जणांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत गेलं, कुणी संस्थानांच्या कामात अडकलं, आणि सगळा भार आंबेडकरांवर पडला. श्रेय असं ताटात वाढून समोर आलेलं असताना समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी ते वाटून टाकलं. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांचं नाव घेतलं, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं घेतलं, आणि रात्री उशिरापर्यंत राबलेल्या कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत.

पुढे त्यांनी जे केलं ते मात्र कुणाच्याही अपेक्षेत नसावं. त्यांनी बंडखोरांचे आभार मानले. ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू अशी नावं घेऊन. घटना समितीपुढे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी याच मंडळींच्या. सगळे सदस्य पक्षशिस्तीत मान डोलावत बसले असते तर हे कामकाज फार नीरस झालं असतं, आणि या मंडळींमुळेच घटनेमागची तत्त्वं सांगायची संधी मिळाली, असं त्यांनी म्हटलं. काँग्रेस पक्षाच्या शिस्तीचेही त्यांनी आभार मानलेच. पण ज्यांनी तीन वर्षं डोकं खाल्लं, त्यांना श्रेयाच्या पानावर बसवणं ही वेगळी गोष्ट. अमरावतीच्या पंजाबरावांचं नाव त्या यादीत आहे, हे विदर्भातल्या व्याख्यानांत अधूनमधून ऐकू येतं. यादी बंडखोरांची होती हे कुणी फारसं सांगत नाही.

त्याच भाषणात त्यांनी कृतज्ञतेला कुंपण घातलं. आयुष्यभर देशाची सेवा केलेल्या थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात काही चूक नाही, पण तिलाही मर्यादा आहेत, असं सांगून त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचा दाखला दिला. माणसाने स्वाभिमान देऊन आणि राष्ट्राने स्वातंत्र्य देऊन कृतज्ञ राहू नये, असा त्याचा आशय. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्याच ओघात आला. तो आज सर्वपक्षीय फलकांवर दिसतो. त्याच्या आधीची आभारांची लांब यादी फलकावर येत नाही, आणि त्यामुळे इशाऱ्यातलं अर्धं बळ जातं. ज्याला कुणाचंच देणं मान्य नाही त्याने भक्तीविरुद्ध बोलणं सोपं असतं. इथे बोलणारा त्याच भाषणात आधी नावानिशी सगळी देणी चुकवून मोकळा झालेला होता.

जाता जाता, संसदीय कामकाजात 'आभार' हा शब्द अधिकृतपणे असलेला एक प्रकार आपल्याकडे आहे. राष्ट्रपतींच्या अभिभाषणाबद्दलचा आभारप्रस्ताव. विधानसभेत तोच राज्यपालांच्या अभिभाषणाबद्दल येतो. सरकारवर कडक टीकाही याच चर्चेत होते. आभारात दुरुस्ती मंजूर होण्याची नामुष्कीही सरकारवर आली आहे. राज्यसभेत १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ साली तसं झालं.

आंबेडकरांची शेवटची आभारपत्रिका मात्र वाचकांपर्यंत वेळेवर पोचलीच नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात केळुसकर पुन्हा भेटतात. शाळकरी भीमरावाच्या सत्काराच्या सभेत दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, तिथून आपण बुद्धाकडे वळलो, असं त्यांनी नोंदवलं. आजारपणात आपल्याला तगवून धरलं ते पत्नी सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांनी, हेही लिहिलं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, १९५७ साली ग्रंथ निघाला, आणि त्यात ही प्रस्तावना नव्हती. निधनानंतर सविता आंबेडकर म्हणजेच माईसाहेब यांच्याभोवती संशयाचं वातावरण तापलेलं होतं. त्यांच्याबद्दलचे हे शब्द छापून यायला १९८० साल उजाडलं. भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावना प्रसिद्ध केल्या, तेव्हा.

संयुक्त महाराष्ट्रानंतर सत्कारांना तोटा राहिला नाही. एकसष्टी आल्या, अमृतमहोत्सव आले, गौरवग्रंथ आले, निवडणूक जिंकली की आभार दौरे निघू लागले. साखर कारखान्याच्या अध्यक्षाचा गौरवग्रंथ ऊसउत्पादकांच्या वर्गणीतून निघावा, हेही झालं. त्यातल्या फार थोड्या समारंभांत नेमकं कशाबद्दल आभार, हे कळायचं. हल्ली फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो सत्कारमूर्तीपेक्षा मोठे असतात. तिथे कोण कुणाचा ऋणी, हे सांगायला ज्योतिषीच लागेल.

तरीही ऐंशीच्या दशकात याच महाराष्ट्रात थैलीच्या जुन्या रिवाजाला एक नवं वळण मिळालं, आणि ते दिलं नटांनी. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर अशी नामांकित मंडळी आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन गावोगाव निघाली. मानधन कुणी घ्यायचं नाही, तिकिटाचे पैसे निधीत टाकायचे, असं ठरलं होतं. निधीचं नाव 'सामाजिक कृतज्ञता निधी'. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर ही कार्यकर्ती मंडळी त्यामागे होती. नाटक पाहिलं तर १९३६ सालचं, पोट धरून हसवणारं. गंभीर कामासाठी गंभीरच नाटक हवं, असा हट्ट कुणी धरला नाही, हे बरं झालं. थिएटर भरलं.

जमलेली रक्कम बँकेत ठेवायची आणि तिच्या व्याजातून, घरदार बाजूला ठेवून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, अशी निधीची रचना. मजुरांच्या, आदिवासींच्या, भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांवर काम करणारी ही माणसं बहुतेक वेळा सरकारशी, कधी गावाशी भांडण काढून बसलेली. टिळकांच्या थैलीत आणि या निधीत फरक असा की थैली एका पुढाऱ्याच्या हाती पडली होती, आणि निधीचे पैसे अशांकडे गेले ज्यांची नावं तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हती. ती त्याला सांगितली जावीत अशी अटही कुणी घातली नव्हती.