लाल बिंदू लक्ष्यदर्शकातील बिंदूचे आकारमान

रायफलीवर बसविलेल्या लहानशा काचेतून पाहिले असता लक्ष्यावर टेकलेला तांबडा प्रकाशबिंदू दाखविणाऱ्या साधनास लाल बिंदू लक्ष्यदर्शक म्हणतात. हा बिंदू लक्ष्यावर प्रत्यक्ष पडत नाही. तो केवळ नेमबाजाच्या डोळ्याला दिसतो. लेसर किरणाने लक्ष्यावर ठिपका पाडणाऱ्या साधनाहून हे साधन या बाबतीत अगदी निराळे आहे. बिंदूची तेजस्विता वापरणाऱ्यास कमीजास्त करता येते. परंतु त्याचे आकारमान बहुतेक लक्ष्यदर्शकांत कारखान्यातच कायमचे ठरलेले असते. म्हणून ते किती असावे याचा विचार साधन निवडतानाच करावा लागतो.

रचना व कार्य : साधनात एक अंतर्गोल काच असते व तिच्यावर केवळ तांबडा प्रकाश परावर्तित करणारा पातळ थर दिलेला असतो. काचेच्या केंद्राशी एक अतिसूक्ष्म प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी) बसविलेला असतो. त्याचे किरण काचेवरून परावर्तित होऊन समांतर होतात आणि त्यामुळे बिंदू अनंत अंतरावर असल्याचा भास होतो. साध्या रायफलीत मागची खाच, पुढची माशी व लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात आणि डोळा त्यांपैकी एकच वस्तू एका वेळी स्पष्ट पाहू शकतो. लाल बिंदूत बिंदू व लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसतात. चाळिशी लागलेल्या, म्हणजेच जवळची माशी अंधुक दिसू लागलेल्या नेमबाजास या साधनाचा विशेष आधार वाटतो तो यामुळेच. डोळा काचेच्या मध्यापासून थोडा सरकला, तरी बिंदू लक्ष्यावरून फारसा हलत नाही. तथापि पराशय (डोळा सरकल्याने वस्तूच्या स्थानात भासणारा फरक) अगदी शून्य असतो, हा विक्रेत्यांचा दावा शब्दशः घेऊ नये.

बिंदूचे आकारमान हे डायोडच्या प्रकाशमान भागाची रुंदी व काचेचे केंद्रांतर यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. केंद्रांतर ४० मिमी. असल्यास ४ मिनिटांच्या बिंदूसाठी प्रकाशमान भाग सु. ०·०४७ मिमी. रुंद, तर २ मिनिटांच्या बिंदूसाठी सु. ०·०२३ मिमी. म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असावा लागतो. लहान बिंदू रेखीव व गोल बनविणे कठीण का असते, हे यावरून ध्यानात येईल.

इतिहास : परावर्तक लक्ष्यदर्शकाची मूळ कल्पना डब्लिन येथील दूरदर्शक बनविणारे सर हॉवर्ड ग्रब यांची असून तिचे एकस्व (पेटंट) त्यांनी १९०० मध्ये घेतले. दोन्ही महायुद्धांत तिचा उपयोग मुख्यतः विमानांतील तोफांसाठी झाला. रायफलीवर ती सोयीची होण्यास लहान, कमी वीज खाणारा प्रकाशस्रोत हवा होता. तो उपलब्ध होण्यापूर्वी एका डोळ्याने प्रकाशबिंदू व दुसऱ्याने लक्ष्य पाहावयाचे, अशी बंद नळीची साधने प्रचारात होती. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएटनाममधील सोन ताय येथील बंदिवानांच्या छावणीवर घातलेल्या छाप्यात अमेरिकन सैनिकांनी रात्रीच्या नेमासाठी अशी साधने वापरली होती. १९७५ मध्ये स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने डायोडचा उपयोग करणारा पहिला लाल बिंदू लक्ष्यदर्शक बाजारात आणला. त्याचे पहिले गिऱ्हाईक सैनिक नसून शिकारी होता.

मापन : बिंदूचे आकारमान लांबीत सांगता येत नाही, कोनात सांगावे लागते. त्यासाठी कोनीय मिनिट हे एकक वापरतात (१ अंश = ६० मिनिटे; जुन्या परिभाषेत ‘कला’). नेमबाजांत याला ‘एमओए’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. १०० मी. अंतरावर १ मिनिट म्हणजे सु. २·९ सेंमी. रुंदी, अंतर दुप्पट झाले की झाकली जाणारी रुंदीही दुप्पट होते. ४ मिनिटांचा बिंदू २५ मी. अंतरावर सु. ३ सेंमी., १०० मी. अंतरावर ११·६ सेंमी., तर ३०० मी. अंतरावर सु. ३५ सेंमी. एवढा भाग झाकतो. डोळ्याला हे आकारमान कसे वाटते याची कल्पना येण्यासाठी पूर्णचंद्राशी तुलना उपयोगी पडते : चंद्रबिंबाचा कोनीय व्यास सु. ३१ मिनिटे असतो. म्हणजे २ मिनिटांचा बिंदू हा चंद्राच्या व्यासाच्या सु. पंधराव्या हिश्शाएवढा भासतो. रायफलींसाठी मिळणाऱ्या लक्ष्यदर्शकांत बिंदू सामान्यतः १ ते ६ मिनिटांचा असतो. पिस्तुलांसाठी याहून मोठेही बिंदू मिळतात.

बिंदू व लक्ष्य : ४ मिनिटांच्या बिंदूने मारलेल्या गोळ्या ४ मिनिटांत विखुरणारच व २ मिनिटांच्या बिंदूने त्या निम्म्या क्षेत्रात पडतील, अशी एक समजूत रूढ आहे. ती चुकीची आहे. नेम धरताना डोळा बिंदूच्या कडेचा नव्हे, तर बिंदू व लक्ष्य यांच्या मध्यांचा मेळ घालीत असतो. आणि एका वर्तुळात दुसरे वर्तुळ मधोमध बसविण्याचे काम डोळा फार अचूकतेने करतो. मात्र त्यासाठी बिंदूभोवती लक्ष्याची कड सर्व बाजूंनी दिसली पाहिजे. ही कड दिसेनाशी झाली की मध्य ठरविण्याचे साधनच नाहीसे होते. लहान व मोठ्या बिंदूंतील खरा भेद येथे आहे.

एक उदाहरण घेता येईल. १०० मी. अंतरावर १५ सेंमी. व्यासाची पांढरी चकती लावली, तर तिचा कोनीय व्यास सु. ५·२ मिनिटे होतो. तिच्यावर ४ मिनिटांचा बिंदू मधोमध ठेवला, तर भोवती जेमतेम ०·६ मिनिट रुंदीची (१·७ सेंमी.) कड उरते. निरोगी डोळ्याची भेदनक्षमता १ मिनिटाच्या आसपास असल्याने एवढी कड नीट दिसत नाही आणि बिंदू एका अंगाला सरकला आहे की नाही, हे कळत नाही. त्याच चकतीवर २ मिनिटांचा बिंदू ठेवल्यास १·६ मिनिटे (४·६ सेंमी.) कड राहते व ती सहज दिसते. चकती ५० मी. अंतरावर आणली, तर ४ मिनिटांच्या बिंदूभोवतीही ३ मिनिटांहून अधिक कड उरते आणि दोन्ही बिंदू सारख्याच कामाचे ठरतात. यावरून असा व्यावहारिक नियम काढता येतो, की ज्या सर्वांत लहान लक्ष्यावर सर्वांत दूरच्या अंतरावरून गोळी मारावयाची, त्याच्या कोनीय व्यासातून ३ मिनिटे वजा करून उरेल त्याहून बिंदू मोठा नसावा. उत्तर १ मिनिटाच्याही खाली येत असेल, तर लाल बिंदूचा नाद सोडून दूरदर्शकी लक्ष्यदर्शक वापरणे शहाणपणाचे होय.

बिंदू लहान असेल तेवढा चांगला, असे मात्र यातून निघत नाही. साध्या लष्करी दारूगोळ्याने रायफल स्वतःच ३–४ मिनिटांत गोळ्या विखरीत असेल, तर १ मिनिटाच्या बिंदूने तिचा दोष झाकला जात नाही. उलट लहान बिंदू भर उन्हात किंवा पालापाचोळ्याच्या चित्रविचित्र पार्श्वभूमीवर शोधावा लागतो आणि धावते जनावर दिसल्यावर शोधण्यात गेलेला अर्धा सेकंद भरून येत नाही. बिंदूचा व्यास निम्मा केला की त्याचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते. तेवढाच उठाव राखण्यासाठी तेजस्विता वाढवावी लागते व त्यातून पुढे सांगितलेला पसरट कडेचा दोष उद्भवतो.

स्वीडनमधील शिकारीचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे शिकाऱ्यांच्या सरावासाठी ८० मी. अंतरावर धावत्या मूस हरणाच्या आकृतीवर गोळ्या मारण्याची पद्धत रूढ आहे. मूसच्या हृदय व फुप्फुसे यांच्या भागाची रुंदी सु. ४० सेंमी. धरली, तर तो त्या अंतरावर सु. १७ मिनिटांचा होतो. वरील नियमाप्रमाणे ४ काय, ६ मिनिटांचा बिंदूही त्यात सामावून जातो व चटकन सापडतो. हाकाऱ्याच्या शिकारीतील रानडुकराचा मर्मभाग याच्या निम्म्याहून थोडा लहान असतो आणि तेथे निवडीस महत्त्व येते. गोळी मर्मभागाऐवजी पोटात बसल्यास जनावर लगेच मरत नाही. ते दाट रानात दूरवर जाऊन तासन्‌तास वेदना भोगते. स्वीडनच्या कायद्याप्रमाणे अशा शिकारीत जखमी जनावराचा माग काढणारे शिकविलेले कुत्रे दोन तासांच्या आत जागेवर आणता येईल, अशी व्यवस्था ठेवावी लागते, यावरून या चुकीचे गांभीर्य कळून येते.

सैनिकी वापरात अंतर वाढते. अमेरिकन सेनेने १९९७ पासून एम ६८ या नावाखाली एमपॉइंटचे लक्ष्यदर्शक स्वीकारले. त्यांतील कॉम्प एम २ या प्रकारात बिंदू ४ मिनिटांचा होता. त्यानंतरच्या कॉम्प एम ४ मध्ये तो २ मिनिटांचा करण्यात आला. ३०० मी. अंतरावर पहिला सु. ३५ सेंमी., तर दुसरा १७·५ सेंमी. भाग झाकतो. उभ्या माणसाच्या खांद्यांची रुंदी ४५–५० सेंमी. धरल्यास पहिल्याभोवती कड जवळजवळ उरत नाही. मोठ्या बिंदूचा एक अवांतर उपयोग मात्र होतो : ४ मिनिटांच्या बिंदूने खांद्यांची पूर्ण रुंदी झाकली गेली, तर लक्ष्य सु. ४०० मी. किंवा त्याहून दूर आहे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

दोन्ही गुण एकत्र आणण्याचा एक मार्ग म्हणजे बारीक बिंदूभोवती मोठे वर्तुळ काढणे. १९९० नंतरच्या दशकात निघालेल्या होलोग्राफिक लक्ष्यदर्शकांत १ मिनिटाचा बिंदू व त्याभोवती सु. ६५ मिनिटे व्यासाचे वर्तुळ असते. जवळच्या लक्ष्यावर डोळा वर्तुळ पकडतो, दूरच्या लक्ष्यावर बिंदू. लाल बिंदूच्या मागे तिपटीने मोठे दाखविणारे भिंग लावले, तर बिंदूही तिप्पट मोठा दिसतो. पण लक्ष्यही त्याच प्रमाणात मोठे होत असल्याने झाकला जाणारा भाग तेवढाच राहतो. भिंगाचा लाभ असा, की अरुंद कड डोळ्याच्या भेदनक्षमतेत येते.

तेजस्विता व डोळा : बिंदू ‘फार मोठा’ असल्याची तक्रार पुष्कळदा आकारमानाची नसून तेजस्वितेची असते. गरजेपेक्षा अधिक तेज ठेवल्यास प्रकाश डोळ्यात विखुरतो, बिंदूभोवती प्रभावळ दिसते आणि २ मिनिटांचा बिंदू ५–६ मिनिटांचा वाटू लागतो. दूरच्या लक्ष्यावर नेम धरताना बिंदू जेमतेम दिसेल एवढेच तेज ठेवावे. रायफलीचा नेम जुळवितानाही हीच काळजी घ्यावी लागते.

अबिंदुकता (दृष्टिवैषम्य) हा डोळ्याचा दोष येथे फार महत्त्वाचा ठरतो. स्वच्छमंडलाची वक्रता सर्व दिशांत सारखी नसल्यास गोल बिंदू स्वल्पविरामासारखा, चांदणीसारखा किंवा द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. दोष साधनात आहे की डोळ्यात, हे ठरविण्याची युक्ती सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून लक्ष्यदर्शक काढून घ्यावा व डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवावा. विद्रूप आकृती साधनाबरोबर फिरली, तर दोष साधनाचा. ती जागच्या जागी राहिली, तर डोळ्याचा. कागदाला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून पाहिल्यावर बिंदू गोल दिसू लागला, तरीही दोष डोळ्याचाच समजावा. अशा माणसाने आणखी लहान बिंदू घेऊन फारसा लाभ होत नाही. योग्य चष्मा लावणे हा पहिला उपाय होय; तो न साधल्यास तेज कमी ठेवून ४ मिनिटांच्या आसपासचा बिंदू वापरणे बरे पडते, कारण मोठ्या बिंदूची विद्रूपता त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी जाणवते.

रायफल व पिस्तूल : पिस्तुलासाठी ६ मिनिटांचा किंवा त्याहून मोठा बिंदू अनेकजण पसंत करतात. तेच माप रायफलीस लावणे योग्य नव्हे. रायफलीचा दस्ता खांद्याला व गाल दस्त्याला टेकत असल्याने डोळा दर वेळी जवळजवळ त्याच जागी येतो व बिंदू आपोआप काचेत सापडतो. पिस्तुलाला असा आधार नसतो. हात किंचित वाकडा असला तरी बिंदू काचेबाहेर जातो, म्हणून तो ठळक लागतो. रायफलीसाठी सर्वसाधारण कामास २ मिनिटांचा, तर जवळच्या व हलत्या लक्ष्यांसाठी ४ मिनिटांचा बिंदू पुरेसा होतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर हौसेची शिकार बंद झाल्याने या साधनाचा संबंध मुख्यतः सैन्य व पोलीस दलांशी येतो. भारतीय सेनेच्या विशेष दलांनी घेतलेल्या इझ्राएली टॅव्होर रायफलींवर परावर्तक लाल बिंदू लक्ष्यदर्शक बसविलेले आहेत. क्रीडा नेमबाजीची गोष्ट निराळी आहे. ऑलिंपिकमधील १० मी. व ५० मी. रायफल प्रकारांत आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार भिंगयुक्त लक्ष्यदर्शकास परवानगी नसते. तेथे मागील बारीक छिद्र व पुढील कडे यांनीच नेम धरावा लागतो. या कड्याचे माप निवडताना मात्र नेमबाजापुढे हाच प्रश्न उभा राहतो. कडे फार लहान असल्यास काळ्या वर्तुळाभोवतीची पांढरी कड दिसेनाशी होते, फार मोठे असल्यास मध्य ढिला पडतो. म्हणून खेळाडू निरनिराळ्या व्यासांची कडी जवळ बाळगतात व त्या दिवशीच्या प्रकाशानुसार ती बदलतात. लाल बिंदू वापरणाऱ्यास ही सोय नसते.