आतला आवाज : ऐकायचा, पण तपासूनही घ्यायचा

वर्षावासात दर रविवारी आमच्या विहारात वंदना आणि ग्रंथवाचन झाले की तासभर आरोग्यावर बोलणे होते. आम्ही चार-पाच जण, त्यात दोन परिचारिका, एक निवृत्त शिक्षक आणि एक औषधाचे दुकान चालवणारा कार्यकर्ता, कोपऱ्यात टेबल मांडून रक्तदाब आणि साखर तपासतो. लोक रांगेत बसतात आणि तपासणीपेक्षा जास्त बोलतात. अशाच एका रविवारी दोन अनुभव एकामागोमाग कानावर पडले. त्यांतूनच हा लेख लिहावासा वाटला.

पहिला अनुभव पन्नाशीच्या एका ताईंचा. त्या शाळेत पोषण आहार शिजवतात. त्या सांगत होत्या, "आठवडाभर जिना चढताना धाप लागायची. पाठीत आणि जबड्यात जडपणा. त्या दिवशी भाताचं पातेलं उतरवताना दरदरून घाम फुटला. मला आतून कळत होतं की हे नेहमीचं नाही. पण घरात सगळे म्हणाले पित्त झालंय, सोडा पी. मी प्याले सोडा." रात्री लेकीने ऐकले नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ईसीजी काढल्यावर हृदयविकाराचा झटका असल्याचे कळले. स्टेंट बसवावा लागला. ताई म्हणाल्या, "माझं मन सांगत होतं, मीच ऐकलं नाही."

हे ऐकून रांगेतले एक काका उत्साहाने म्हणाले, "मी मात्र ऐकतो बरं का! दोन महिने रोज ध्यान करतोय. एकदम हलकं वाटतं. एक दिवस आतूनच आवाज आला, आता गोळीची गरज नाही. तेव्हापासून बीपीची गोळी बंद." आम्ही त्यांना पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजला. १७८/१०८. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला. फारसा फरक नव्हता.

तिथे बसलेली बारावीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "मग आतल्या आवाजावर विश्वास ठेवायचा की नाही? ताईंचा खरा निघाला, काकांचा खोटा." त्या दिवशी आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. पुढचे काही रविवार आम्ही त्यावरच बोलत राहिलो.

हा आवाज येतो कुठून?

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. आतला आवाज म्हणजे देवाचा कौल किंवा आत्म्याची वाणी असे आपण मानत नाही. धम्मात आत्म्याला जागाच नाही. अंगात येणे आणि कौल लावणे आपण १९५६ साली मागे टाकले. पण म्हणून 'आतून वाटणे' खोटे ठरत नाही. ते शरीराचे आणि अनुभवाचे काम आहे.

आपला मेंदू सतत शरीराची खबर घेत असतो. हृदयाचे ठोके, श्वास, पोटाची हालचाल, स्नायूंचा ताण, सगळे त्याच्याकडे पोहोचत असते. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे आहे. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिचे बहुतेक तंतू मेंदूचे हुकूम खाली नेत नाहीत, तर शरीराची खबर वर पोहोचवतात. या खबरीतले काही नेहमीपेक्षा वेगळे असले की शब्द सापडण्याआधीच आपल्याला अस्वस्थ वाटते. ताईंचे नेमके तेच झाले होते.

दुसरा भाग अनुभवाचा. भाकरीचे पीठ किती मळायचे ते हाताला कळते. अनुभवी परिचारिकेला वॉर्डात पाऊल टाकताच कोणत्या खाटेकडे आधी जायचे ते जाणवते. हे वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून साठलेले ज्ञान असते. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अग्निशमन दलाच्या जवानांचा अभ्यास केलेले गॅरी क्लाइन यांची या विषयावरची मते एकमेकांच्या विरुद्ध होती. तरी २००९ साली दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. अंतःप्रेरणेवर भरवसा दोन अटींवर ठेवता येतो. ज्या गोष्टीबद्दल ती बोलते त्या गोष्टीत काही नियमितपणा हवा, आणि आपले बरोबर-चूक आपल्याला पुन्हापुन्हा कळण्याची सोय हवी. भाकरीत दोन्ही आहे. करपली की लगेच दिसते.

रक्तदाबात यातले काहीच नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आत हृदय, मूत्रपिंड, मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजत राहतात. मधुमेहाचेही बरेचदा तसेच. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. त्याने त्यांचे शरीर शेवटच्या वर्षांत किती पोखरले हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून 'मला आतून बरं वाटतंय' हे वाक्य रक्तदाब आणि साखरेच्या बाबतीत पुरावा ठरत नाही. काकांचे हलके वाटणे खरे होते. ध्यानाने मन शांत झालेच होते. पण त्या हलकेपणाला रक्तवाहिन्यांतली खबर नव्हती.

केसपुत्तच्या लोकांना काय सांगितले?

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की इतके गुरू येतात आणि प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग कोणाचे मानायचे? अंगुत्तर निकायातले हे सुत्त आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आपल्याच मताशी जुळते म्हणूनही एखादी गोष्ट मानू नका, असे तथागत सांगतात. म्हणजे तपासणीतून आपले स्वतःचे मनसुद्धा सुटत नाही.

मग कसोटी कोणती? या गोष्टीने लोभ, द्वेष, मोह वाढतात की कमी होतात? यातून आपले आणि इतरांचे हित होते की अहित? जाणती माणसे याला काय म्हणतात? काकांच्या आतल्या आवाजाला ही कसोटी लावून पाहा. गोळीचा कंटाळा, खर्च, 'मी आता आजारी नाही' असे वाटण्याचे सुख, हे सगळे त्या आवाजामागे होते. जाणत्या माणसाला, म्हणजे डॉक्टरांना, विचारलेच नव्हते.

राहुलाला केलेल्या उपदेशात तथागत आरशाचा दाखला देतात. आरशात जसे तोंड पाहावे, तसे प्रत्येक कृतीकडे पाहावे. करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावरही. अंतःप्रेरणेला वळण लावायचे ते असेच. एकदा वाटले आणि संपले, असे नाही. तीन वेळा पाहायचे.

मनात साठलेले जुने गाळ

अनुभव साठतो तसा पूर्वग्रहही साठतो, आणि दोन्ही आतून बोलताना सारख्याच आवाजात बोलतात. घर भाड्याने मागायला गेलेल्या आपल्या मुलांना आडनाव ऐकल्यावर "आम्हाला जरा ठीक वाटत नाही" असे उत्तर मिळते. त्या घरमालकालाही ते आपल्या आतल्या मनाचेच म्हणणे वाटत असते. जात ही विटामातीची भिंत नसून मनाची एक अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये मांडले, ते यासाठीच महत्त्वाचे. जे आतून येते ते शुद्धच असते, असे जो म्हणतो त्याने हे आठवावे.

आपल्या बाजूलाही गाळ आहे. तो भीतीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या दारात थांबवले गेल्यामुळे मोठ्या दवाखान्यात गेले की अनेकांच्या आत काहीतरी आक्रसते. 'आपलं कोण ऐकणार', 'जास्त विचारलं तर डॉक्टर चिडतील' असे वाटते. मग छातीतले दुखणे अर्धेच सांगितले जाते. ताई त्या दिवशी सोडा प्यायल्या, त्यात घरच्यांचे म्हणणे होते तसा हा संकोचही होता, हे त्यांनीच नंतर सांगितले. इथे शरीराचा आवाज खरा होता आणि त्याला दाबणारा आवाजही आतलाच होता.

विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्याही अनेक घरांत सिकलसेलचा आजार आहे. तो असलेल्या मुलांच्या आया सांगतात की लेकरू खेळायचे थांबले, एका जागी बसून राहिले, की दुखण्याचा झटका येणार हे त्यांना आधीच कळते. हे कळणे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून आलेले असते. अशा आईने डॉक्टरांसमोर गप्प बसू नये. 'मागच्या वेळीही असंच झालं होतं' असे तारखेसह सांगावे. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर उद्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रोजचा सराव

अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती म्हणजे जागरूकता. शरीर, वेदना, चित्त आणि चित्तातले विषय, या चार ठिकाणी ती ठेवायची. इथे 'वेदना' म्हणजे फक्त दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक संवेदना त्यात येते. संवेदना जाणवणे आणि तिच्यामागे धावणे यांत थोडी जागा तयार झाली की आवाज ओळखू येऊ लागतो. आम्ही विहारात करतो तो सराव साधा आहे.

सकाळी दहा मिनिटे ताठ पण सैल बसावे. नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहावा. तो बदलू नये. मग डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवावे. कुठे ताण आहे, कुठे जड आहे, कुठे काहीच नाही, एवढेच पाहावे. महिनाभरात आपल्या शरीराचे 'रोजचे' काय आहे ते कळू लागते. रोजचे कळले तरच वेगळे काय ते ओळखता येईल.

एक छोटी वही ठेवावी. एखादी गोष्ट आतून प्रकर्षाने जाणवली की तारीख घालून एक ओळ लिहावी, आणि पुढे काय झाले तेही नंतर लिहावे. सहा महिन्यांनी वही उघडली की आपले मन कोणत्या विषयात बरोबर बोलते आणि कुठे नुसते घाबरते, हे आपल्याच अक्षरात दिसते.

आणि आवाज आला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे मला शरीरात कुठे जाणवते आहे? यामागे भीती, राग किंवा हाव आहे का? हे मोजता किंवा कोणाला विचारता येईल का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' असेल तर मोजावे आणि विचारावे.

मानसिक आजाराची औषधे चालू असलेल्यांनी दीर्घ मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, आणि शिबिरासाठी औषध बंद करू नये. सतत कोणीतरी आज्ञा देत आहे असे आवाज ऐकू येत असतील, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तो ध्यानाचा विषय नाही, उपचाराचा आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोन करायला लाजू नये.

इथे विचार करत बसू नका

काही वेळा तपासणी घरी करायची नसते. छातीवर दाब, दुखणे हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, धाप, मळमळ, यांतले काही अचानक सुरू झाले तर पित्त समजून थांबू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे, ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्तवाहिनीत अडकलेली गाठ विरघळवणारे औषध सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणीनंतर. म्हणून लगेच १०८ ला फोन करावा. अशा वेळी 'काहीतरी बिनसलंय' एवढे वाटणेही पुरेसे कारण आहे. चुकून गेलो तर एक फेरी वाया जाईल, एवढेच.

तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे, यावर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भर दिला आहे. ज्यांनी स्वतःचा शब्दही तपासून घ्यायला सांगितले, त्यांच्या अनुयायांनी आतल्या आवाजाला मात्र देव्हाऱ्यात बसवू नये. आणि त्याला हाकलूनही देऊ नये.

बारावीतल्या त्या मुलीला आम्ही शेवटी एवढेच सांगितले की दोघांचेही आवाज ऐकण्यासारखे होते आणि दोघांचेही तपासायला हवे होते. काकांना डॉक्टरांनी पुन्हा गोळी सुरू केली. ध्यानही चालू ठेवा म्हणाले. आता ते दर रविवारी आधी रक्तदाब मोजून घेतात, मग गप्पांना बसतात. ताई रांगेत शेजारी बसलेल्या बाईला हमखास विचारतात, "आतून कसं वाटतंय?" उत्तर काहीही येवो, त्या तिचा हात धरून तिला टेबलापाशी आणतात.