पडक्या वास्तूंची छायाचित्रे



आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखात ओस पडलेल्या वास्तूंना तोटा नाही. कुठे गडावरची ढासळलेली भिंत, कुठे रेल्वेचे बिनछपराचे घर, कुठे डोंगरात कोरलेले लेणे. हल्ली खिशाखिशात मोबाईल आहे, त्यामुळे सहलीला गेलेली मुले एका दुपारी शंभर छायाचित्रे काढून आणतात. पण वर्षभराने विचारावे, "बाळ, हे कुठलं रे?" तर उत्तर मिळत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय, ते आज पाहू.

माझ्या घरी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात 'आग्फा क्लिक थ्री' कॅमेऱ्याने काढलेले फोटो आहेत. त्या कॅमेऱ्याच्या एका रिळात फोटो यायचे बारा. मी शिक्षक, माझी पत्नीही शिक्षिका. रविवारी भाकरी बांधून घ्यायची आणि निघायचे, हा आमचा क्रम. ती प्रत्येक वास्तूजवळ आपली छत्री उभी करायला लावी. मी कुरकुरायचो, "अगं, छत्रीचे फोटो काढायला आलोय का आपण?" ती म्हणे, "अहो, भिंत किती उंच होती हे उद्या कुणाला कसं कळणार?" आणि फोटो धुऊन आले की पाठीमागे पेन्सिलीने लिही : जागा, तारीख, आपण कुठे उभे होतो, आणि माहिती कुणी सांगितली.

ती जाऊन आता चार वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात मी तो डबा उघडला आणि फोटो घेऊन एकेका जागी पुन्हा गेलो.

पहिल्यांदा गेलो कोंढाण्याच्या लेण्यांना. कोंदिवड्याहून वर चढले की राजमाचीच्या पोटात ही बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. कारागिरांनी दगडात लाकडी घराची नक्कल केली आहे. चैत्याच्या खांबांचे खालचे भाग मात्र झिजून गेले आहेत. दर्शनी भागावर एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कान्ह याचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. पण तेवढ्या ओळीमुळे आज आपल्याला एक शिष्य आणि त्याचा गुरू नावाने ठाऊक आहेत. जुना फोटो हातात धरून मी मागेपुढे सरकत राहिलो. कमानीची कड आणि वरचा कडा फोटोतल्याप्रमाणे जुळले, तेव्हा माझी जुनी उभे राहण्याची जागा सापडली. मग नवा फोटो घेतला. दोन्ही शेजारी ठेवले की काय बदलले ते डोळ्यांना दिसते. छत्री तेवढी या खेपेला मलाच उभी करावी लागली.

दुसरी गोष्ट बोरघाटाची. १८५६ साली आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. पुढचा घाट पालखीने नाहीतर तट्टावरून चढावा लागे. घाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. १८५९ मध्ये त्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज गृहस्थाने घेतला; पण येथे येऊन काही दिवसांतच तो वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार व्यवस्थापक नेमून तिने काम तडीस नेले, आणि बोगद्यांची, पुलांची छायाचित्रेही घेतली. पुढे विसाव्या शतकात मार्ग बदलला आणि खंडाळ्याजवळचे गाडी उलट फिरवण्याचे जुने स्थानक ओस पडले. काम चालू असताना ते कसे दिसे, हे कळायला अशी चित्रेच उपयोगी पडतात.

वास्तू आपल्यासाठी थांबत नाही, हेही ध्यानात घ्या. घाटातला 'अमृतांजन पूल' कित्येकांनी गाडीतून जाता-येता पाहिला असेल. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तो सुरुंग लावून पाडला. आता त्याचा फोटो काढतो म्हटले तर काढणार कशाचा?

एक मर्यादा मात्र पाळावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी दरडीखाली गेली. अशा जागी कॅमेरा घेऊन हिंडू नये. ज्यांची माणसे तिथे गेली, त्यांच्या दुःखाचा देखावा करू नये.

आता मुलांना काय शिकवायचे? सकाळी किंवा उतरत्या उन्हात फोटो घ्यावा. तिरप्या प्रकाशात कोरीवकाम उठून दिसते. मापासाठी काठी किंवा छत्री ठेवावी. एक चित्र दुरून घ्यावे, एक जवळून. ढिल्या भिंतीवर चढू नये, पावसाळ्यात कड्याखाली थांबू नये, चालू रेल्वेमार्गावर तर पाऊलही टाकू नये. मोबाईलमधल्या चित्राला पाठ नसते, म्हणून वही ठेवावी आणि चारही नोंदी त्याच दिवशी कराव्यात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. त्याने सांगितलेले त्याच्या नावासह लिहावे.

'त्याच दिवशी' असे मी मुद्दाम म्हणतो. आमच्या डब्यातल्या एका फोटोची पाठ कोरी आहे. दगडी पायऱ्या, पडकी कमान, आणि कमानीला टेकवलेली तिची छत्री. त्या रात्री ती पेन्सिल घेऊन बसली होती. मीच म्हणालो, "राहू दे गं आज, दमलीस. उद्या लिही." तो उद्या काही उगवला नाही. ती कमान कुठली, हे मला आठवत नाही. विचारायलाही आता घरात कुणी नाही. हा हिवाळा मी ती शोधण्यात घालवणार आहे.